नव्या लॅपटॉपवर सीडी बर्न होत नाही तेव्हा

नव्या लॅपटॉपमध्ये सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह आता क्वचितच असतो. २००८ साली ॲपलने मॅकबुक एअर ड्राइव्हशिवाय बाजारात आणला आणि पुढच्या काही वर्षांत विंडोजवर चालणारे पातळ लॅपटॉपही त्याच वाटेने गेले. त्यामुळे सीडी बर्न करायची तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा रायटर घ्यावा लागतो, आणि बऱ्याच तक्रारींचे मूळ या जोडणीतच असते. सीडीची गरज मात्र संपलेली नाही. जुन्या गाड्यांतली म्युझिक सिस्टिम, घरातले चांगले चालणारे सीडी प्लेयर अजून आहेत. प्रस्तुत लेखकाकडे काम होते ते गावच्या भजनी मंडळाच्या काकडआरतीचे. कॅसेटवरून संगणकावर उतरवलेले हे ध्वनिमुद्रण मंडळातल्या वयस्कर माणसांना घरच्या प्लेयरवर ऐकता यावे, म्हणून ऑडिओ सीडी तयार करायच्या होत्या. त्यात गाणारे काहीजण आता हयात नाहीत. म्हणून सीडी नीट वाजणारी आणि टिकणारी हवी होती. लॅपटॉप नवा, रायटर नवा, कोऱ्या सीडी नव्या. तरी बर्निंग सुरू होताच थांबत होते.

अशा वेळी पहिल्यांदा पाहायचे ते ड्राइव्ह लॅपटॉपला दिसतो की नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्स’ या शीर्षकाखाली त्याचे नाव यायला हवे. नावापुढे पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ असेल, तर बहुधा एखाद्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी अर्धवट सोडलेल्या असतात. जुन्या संगणकावरचे सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर टाकले आणि मग काढले की हे घडू शकते. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवून त्या नोंदी हटवल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह सहसा परत दिसतो.

लेखकाच्या बाबतीत ड्राइव्ह दिसत होता, जुनी गाण्याची सीडी त्यावर स्वच्छ वाजतही होती. इथेच पुष्कळांची दिशाभूल होते. वाचताना लेझर अगदी मंद असतो. लिहिताना त्याला कित्येक पट ताकद लागते, शिवाय तबकडी वेगाने फिरवायची असते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिॲम्पिअर आणि ३.० मधून ९०० मिलिॲम्पिअर वीज मिळते. ड्राइव्हच्या पोटावरच्या लेबलवर मात्र पुष्कळदा पाच व्होल्टला एक ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त मागणी छापलेली असते. नव्या लॅपटॉपला पोर्ट मोजकेच, म्हणून मध्ये हब लावला जातो आणि त्याच हबवर माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्हही असतात. त्या सगळ्यांत वाटली गेलेली वीज वाचायला पुरते, लिहायला पुरत नाही. लक्षणही ठरलेले असते: तबकडी वेग घेते, लगेच मंदावते, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि ड्राइव्ह क्षणभर यादीतून नाहीसा होऊन परत येतो. ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला, शक्य तितक्या आखूड केबलने जोडणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा दोन यूएसबी टोकांची केबल वापरावी. आधी सॉफ्टवेअर बदलत बसण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी स्वस्त आणि लवकर होणारी आहे.

हब काढल्यावर ड्राइव्हचे मध्येच नाहीसे होणे थांबले. तरी काही सीडींवर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ असा संदेश येतच राहिला. त्यामागची क्रिया समजली की पुढचा शोध सोपा होतो. सीडी-आरमध्ये प्लॅस्टिक आणि चकचकीत धातूचा थर यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या थरात खुणा उमटवतो, त्या खुणा म्हणजेच नोंद. प्रत्येक कंपनीचे रंगद्रव्य वेगळे, म्हणून त्याला लागणारी लेझरची ताकदही वेगळी. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी ड्राइव्ह तबकडीच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यात चाचणीच्या खुणा करून पाहतो आणि योग्य ताकद ठरवतो. या पट्ट्यात अशा सुमारे शंभर चाचण्यांची जागा असते. चाचणीतून योग्य ताकद सापडली नाही, तर ड्राइव्ह लिहायलाच नकार देतो आणि हा संदेश दाखवतो. वीज कमी पडल्याने हे होते, तसेच रंगद्रव्य ड्राइव्हला मानवत नसल्यानेही होते.

दोष कुठला हे तबकडी स्वतः सांगते. ट्यूबलाइटखाली सीडी तिरपी धरली की लिहिलेल्या भागाची छटा कोऱ्या भागाहून किंचित गडद दिसते. लेखन नेहमी आतून बाहेर जाते, म्हणून बर्निंग कुठे थांबले हे त्या कड्याच्या रुंदीवरून कळते. कडे दिसतच नसेल, तर काम चाचणीपाशी किंवा त्याच्या अगदी लगत अडले. निम्म्यावर स्पष्ट कड दिसली, तर लेखन सुरू होऊन मध्येच तुटले. छटा एकसारखी नसून तिच्यात डाग किंवा पट्टे असतील, तर थर सदोष किंवा जुना आहे. भारतात एके काळी मोझर बेअरच्या सीडी सर्वत्र मिळत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. जपानच्या ताइयो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय सोडला. आज दुकानात मिळणारा माल त्यामुळे पुष्कळदा जुना पडून राहिलेला असतो. संपूर्ण स्पिंडल घेण्याआधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या सुट्या सीडी घेऊन पाहाव्यात, हे लेखकाला अनुभवाने पटलेले मत आहे. ज्या स्पिंडलवर हा संदेश येत होता, तो बाजूला ठेवून दुसऱ्या कंपनीच्या सीडी घेतल्यावर तो पुन्हा दिसला नाही.

लेखन निम्म्यावर तुटते तेव्हा कारण बहुधा लॅपटॉपच्या सवयींत असते. लेझर एकदा चालू झाला की माहिती अखंड मिळावी लागते. पूर्वी ती खंडित झाली की सीडी वाया जाई. २००० साली सान्योने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले आणि ड्राइव्ह थांबून त्याच जागेवरून पुढे लिहू लागले. तरीही लॅपटॉप झोपी गेला किंवा विजेची बचत म्हणून यूएसबी पोर्ट बंद झाला, तर हे तंत्रही वाचवत नाही. चार्जर लावून, स्लीप बंद करून मगच बर्न करावे. आणखी एक कारण अगदी नव्या लॅपटॉपचे: डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल आपोआप क्लाउडवर जातात आणि लॅपटॉपवर नुसते नाव उरते. अशा फाइलपुढे ढगाचे चिन्ह दिसते. बर्न करण्याआधी त्या लॅपटॉपवर पूर्ण उतरवून घ्याव्यात.

सीडी पूर्ण झाली, लॅपटॉपवर वाजली, पण प्लेयरवर ‘नो डिस्क’ आले, तर तक्रार वेगळी असते. कोरी सीडी घातली की विंडोज दोन पर्याय देते: पेनड्राइव्हसारखी वापरण्यासाठी किंवा सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी. पहिल्याने केलेली सीडी जुना प्लेयर सहसा ओळखत नाही. दुसऱ्यानेही फाइल फाइल म्हणूनच लिहिल्या जातात. ज्या प्लेयरला एमपी३ कळत नाही त्याला खरी ऑडिओ सीडीच लागते. तीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाने आवाज लिहिलेला असतो. ७०० एमबीच्या सीडीवर त्यामुळे कमाल ८० मिनिटे बसतात, मूळ एमपी३ कितीही लहान असो. विंडोज ११ मध्ये जुने विंडोज मीडिया प्लेयर ‘लेगसी’ या नावाने आहे. त्यातल्या बर्न टॅबमध्ये डेटा सीडीऐवजी ऑडिओ सीडी निवडावी लागते. तबकडी शेवटी बंदही व्हायला हवी, म्हणजे सत्र पूर्ण करून अनुक्रमणिका लिहिली जायला हवी. ती नसेल तर साधा प्लेयर सीडी कोरीच समजतो. सीडी-आरडब्ल्यू तर अशा कामासाठी घेऊच नये. तिचा थर प्रकाश फार कमी परतवतो आणि जुन्या प्लेयरच्या लेझरला तो दिसत नाही.

वेगाबद्दल ‘जितका कमी तितका चांगला’ असे सांगितले जाते, पण आजची रंगद्रव्ये जास्त वेगासाठी घडवलेली असतात. लॅपटॉपसाठीचे पातळ ड्राइव्ह सीडी साधारण २४एक्सपर्यंत लिहितात. काकडआरतीच्या सीडी १६एक्सला लिहिल्यावर जुन्या प्लेयरवर सुरुवातीपासून शेवटच्या गजरापर्यंत अडखळल्याशिवाय वाजल्या. शेवटचा ट्रॅक वाजवून पाहणे आवश्यक असते, कारण बाहेरच्या कडेला चुका जास्त सापडतात.

नाव लिहिताना बॉलपेन वापरू नये. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त लॅकरचा पातळ लेप असतो. तिथला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक ठरतो. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्यावा, कागदी स्टिकर टाळावे. सीडी उन्हापासून दूर, डबीत उभी ठेवावी आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर राखून ठेवाव्यात, म्हणजे पुढे दुसरी प्रत काढता येते.