अशुभ वार्ता सांगावी कशी?

आपल्या मराठी घरांत अशुभ वार्ता सांगण्याची एक जुनी रीत आहे. ती शक्य तितकी उशिरा सांगावी, सांगताना निम्मीच सांगावी, आणि उरलेली निम्मी ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचावी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत माहेर आणि सासर यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर. त्यामुळे ही रीत अधिकच मुरली. तिचा विचार करताना मला एका विमानाच्या कप्तानाची आठवण होते. ती हकिकत काही वाचकांच्या वाचनात आली असेलही. तथापि ती पुन्हा सांगण्याजोगी आहे.

२४ जून १९८२ ची रात्र. लंडनहून निघून मुंबईमार्गे ऑकलंडकडे चाललेले ब्रिटिश एअरवेजचे जम्बो विमान क्वालालंपूर सोडून पर्थच्या वाटेवर होते. आत २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. जावा बेटाच्या दक्षिणेस, ३७,००० फुटांवर, समोरच्या काचेवर प्रकाशाच्या ठिणग्या नाचू लागल्या. आत धूर शिरला, गंधकासारखा वास आला. मग चौथे इंजिन बंद पडले, पाठोपाठ दुसरे, आणि लगेच उरलेली दोन्ही. अवघ्या काही मिनिटांत एवढे प्रचंड यान निव्वळ वाऱ्यावर तरंगू लागले.

वैमानिकांना कामाचा एक क्रम शिकवलेला असतो. आधी विमान हाती राखावे, मग दिशा पाहावी, आणि त्यानंतरच बोलावे. कप्तान एरिक मूडी, सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज आणि इंजिनिअर बॅरी टाउनली-फ्रीमन यांनी तो क्रम सोडला नाही. इंजिनाविना विमान दगडासारखे कोसळत नाही. एक किलोमीटर उंची गमावताना ते सुमारे पंधरा किलोमीटर पुढे सरकते. हाती वेळ होता तो जेमतेम वीस-तेवीस मिनिटांचा. जावाच्या किनाऱ्यावरील डोंगर ओलांडण्यास ११,५०० फूट उंची हवी होती. ती न राहिल्यास काळोखात समुद्रावर उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातच सहवैमानिकाचा प्राणवायूचा मुखवटा तुटला, तेव्हा त्याला श्वास घेता यावा म्हणून कप्तानाने विमान आणखी झपाट्याने खाली आणले. जकार्ताच्या नियंत्रण कक्षात तर 'चारही इंजिने' याऐवजी 'चौथे इंजिन' असेच ऐकले गेले. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या एका विमानाने निरोप पोहोचविला, तेव्हा कुठे अर्थ उमगला.

या धांदलीत कप्तान प्रवाशांशी बोलला. एक छोटीशी अडचण आली आहे, चारही इंजिने बंद पडली आहेत, ती सुरू करण्याची आम्ही पराकाष्ठा करीत आहोत, आणि आपणांस फार त्रास होत नसावा अशी आशा आहे, एवढाच त्याच्या बोलण्याचा आशय होता. काय घडले ते त्यात होते, काय चालले आहे ते होते, आणि ऐकणाऱ्याची विचारपूसही होती. खोटा दिलासा तेवढा नव्हता.

त्याच्या घोषणेवर लोक पुढे कौतुकाने हसले. मला मात्र ती वाचली तेव्हा १९७८ साली इंदूरला आलेली एक तार आठवली. लग्न होऊन मला चार वर्षे झाली होती. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा,' एवढाच मजकूर. खंडव्याला गाडी बदलून, पुढे पुण्याला पुन्हा बदलून, मी बेळगावला निघाले. आईला इंदूरची शेव आवडायची म्हणून पिशवीत तिचा पुडा घेतला होता. दोन दिवस मी देवाशी बोलत होते, आईशी बोलत होते. बरी झाली की तिला इकडे आणायचे बेत करीत होते. बेळगावच्या फलाटावर भाऊ उभा होता. त्याचे मुंडन झालेले होते. तार पाठविली तेव्हाच सर्व आटोपले होते. वडीलधाऱ्यांनी मायेपोटीच तसे केले, वाटेत एकटीने मी काय करू या चिंतेने. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण ज्या दोन दिवसांत मला आईसाठी रडता आले असते, ते दोन दिवस मला परत मिळाले नाहीत.

२०१८ मध्ये आमच्या ह्यांचा आजार गंभीर असल्याचे निदान झाले, तेव्हा सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. "वहिनी, आईला यातले काही सांगू नका, तिला सोसायचे नाही," असे धाकट्या दिरांनी बजावले. हेतू तोच, मायेचा. मी रात्रभर विचार केला. सकाळी डॉक्टरांची वेळ ठरवली, मुलांना फोन केले, आणि मग सासूबाईंपाशी जाऊन बसले. आजार कोणता, उपचार काय होणार, शस्त्रक्रिया कधी, एवढे सांगितले आणि त्यांचा हात धरला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घरात सगळी हळू बोलायला लागली, तेव्हाच मला कळलं होतं. कोणी सांगेना, म्हणून मी विचारलं नाही."

हे त्यानंतर चौदा महिने होते. त्या अवधीत मायलेकांनी जे बोलायचे ते सर्व बोलून घेतले. जुन्या घराची वाटणी, वडिलांच्या आठवणी, लहानपणचा एक रुसवासुद्धा. हे गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "माझं त्याच्याशी बोलायचं काही राहिलं नाही गं." त्यांच्या दुःखाला तेवढाच एक आधार होता.

विमानाचे पुढे काय झाले, हे सांगावयास हवे. ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरले होते. राख कोरडी असल्याने हवामानाच्या रडारवर दिसली नव्हती. इंजिनाच्या उष्णतेने ती वितळून आत चिकटली; इंजिने थंड झाल्यावर घट्ट होऊन तडकली आणि बरीचशी झडून गेली. सुमारे १३,५०० फुटांवर प्रथम बंद पडलेले चौथे इंजिनच प्रथम सुरू झाले, मग इतर. त्यांतले एक पुढे पुन्हा बंद करावे लागले. राखेने घासून समोरच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. सहवैमानिक अंतरागणिक योग्य उंची मोठ्याने सांगत गेला आणि कप्तानाने विमान जकार्ताला उतरविले. एकालाही इजा झाली नाही. पुढे १९९० च्या दशकात राखेची पूर्वसूचना देणारी नऊ केंद्रे जगभर नेमण्यात आली, त्यामागे या व अशा इतर प्रसंगांचाच धडा होता. मूडी २०२४ मध्ये निवर्तले.

शेवट गोड झाला म्हणून त्या कप्तानाचे बोलणे योग्य ठरले, असे मात्र नव्हे. तो बोलला तेव्हा इंजिने बंदच होती आणि पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. काही प्रवाशांनी घरच्यांसाठी चार ओळी लिहून ठेवल्या. खरे कळले होते, म्हणूनच त्यांना त्या लिहिता आल्या.

तारखाते २०१३ मध्ये बंद झाले. आता वार्ता क्षणात पोहोचते, परंतु ती सांगण्याचे धैर्य काही आपोआप येत नाही. आधी हातचे काम सांभाळावे, मग थोडक्यात खरे सांगावे, आणि सांगून झाल्यावर जवळ बसून राहावे. एवढे आपल्या घरांतून झाले, तरी पुष्कळ आहे.