सातवा फर्मा
1995 साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. आमच्या सेलू तालुक्यातल्या गावातून पोरांना तिकडं न्यायचं तर एस.टी.चं भाडं कोण भरणार? वाचनालयाच्या अण्णांनी उलटाच डाव टाकला. संमेलनाला येणाऱ्या एका कादंबरीकाराला पत्र घालून त्यांनी आमच्या शाळेत बोलावलं. ते हो म्हणाले. पत्रात पिठलं-भाकरीचा उल्लेख होता, त्याचा हा गुण, असं अण्णा सांगायचे.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, तीन कपाटं आणि 'ड' वर्गाचं अनुदान. निजामाच्या काळात गावात वाचनालय काढणं हे चळवळीचंच काम समजलं जाई. अण्णांच्या वडिलांनी त्या दिवसांत जमवलेली पुस्तकं पहिल्या कपाटात होती. शेजारी बी. रघुनाथांची. हे आमच्याच रेल्वेमार्गावरच्या सातोन्याचे, हे अण्णा प्रत्येक नव्या सभासदाला ऐकवत. 1953 साली, वयाच्या चाळिशीतच ते गेले, हेही.

येणाऱ्या पाहुण्यांची मात्र एकच कादंबरी होती, तीही एकच प्रत. आणि आठवी-नववीची पोरं साठ-पासष्ट. मुख्याध्यापक म्हणाले, शाल-नारळ देऊ, दोन शब्द बोलतील. अण्णा भडकले. "नुसतं बघायचंच असंल तर लेखक कशाला, पुढारी बोलवा की!"

त्या रात्री त्यांनी पुस्तकाची शिवण उसवली. कणा भिजवून डिंक सोडवला, दोरा ओढला आणि तेरा फर्मे सुटे केले. पाच-पाच पोरांना एकेक फर्मा. आमच्या वाट्याला सातवा, पान 97 ते 112. सुरुवात अर्ध्या वाक्यातून, शेवटही अर्ध्या वाक्यात. आठवड्यानं मारुतीच्या पारावर कंदील लावून एकेका गटानं आपापला भाग सांगितला, तेव्हा कुठं गोष्ट पुरी झाली. माझी आजी, जिला अक्षर येत नव्हतं, ती चौथ्या आणि पाचव्या गटाला भांडली : सून आत्ता तर माहेरी गेली होती, मग चुलीपाशी कशी?

माझ्याकडून घात झाला तो याच आठवड्यात. 111-112 या पानावर कापूस वेचणारी एक बाई बांधावर बसून लेकराला पाजते, असा प्रसंग होता. ते पान मी ब्लेडनं कापून भूगोलाच्या वहीत ठेवलं. आणि फर्मा परत देताना म्हणालो, पान आधीपासूनच नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," एवढंच.

मग ते सायकलीवर सेलूला गेले. तिथं कुणाकडं दुसरी प्रत होती, पण ती बाहेर द्यायची नव्हती. तिथंच बसून त्यांनी दोन्ही बाजू शाईनं उतरवून घेतल्या. छापील ओळ जिथं तुटते तिथंच आपली ओळ तोडत.

पाहुणे आले. फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत, घंटेऐवजी टाळ्या. पोरांनी प्रश्नांचा असा मारा केला की ते खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसले. मग वाचायला लागले, आणि नेमका तोच भाग काढला. पान उलटलं, थांबले. हस्ताक्षरावरून बोट फिरवलं. माझे कान तापले.

"शिवताना फाटलं माझ्याकडून," अण्णा म्हणाले.

लेखकांनी ते पान तसंच, हस्ताक्षरातलं, वाचून काढलं. सही मागितली तर पहिल्या पानावर केलीच नाही. 112 च्या खाली, अण्णांच्या अक्षराला खेटून केली.

पुढं मी शहरात नोकरीला लागलो. अण्णा गेले तेव्हा पोचू शकलो नाही. मागच्या उन्हाळ्यात छापील पान पाकिटात घालून गावी गेलो. पुस्तक सापडेना, म्हणून नव्या ग्रंथपाल बाईंनी जुनी दाखल नोंदवही काढून दिली. कादंबरीच्या ओळीवर बोट सरकवत शेऱ्याच्या रकान्यापर्यंत गेलो. अण्णांचंच अक्षर होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. फक्त : 'पान 111-112, येणे बाकी.'