जर-तरचा हिशेब

आम्हां क्रिकेटवेड्या मध्यमवर्गीयांचं अर्धं आयुष्य जर-तरमध्ये जातं. पाऊस पडला नसता तर! तो झेल सुटला नसता तर! 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,' असं आमची सौ. मॅचच्या दिवशी तासाला एकदा तरी ऐकवते. पण या विद्येतले खरे उस्ताद म्हणजे बेसबॉलवेडे अमेरिकन. त्यांचं जर-तरसुद्धा आकडेवारीनिशी चालतं.

आता तो टेड विल्यम्स घ्या. बोस्टन रेड सॉक्सचा फलंदाज. १९४१ साली त्याची सरासरी होती .४०६. म्हणजे साधारण दहा वेळा बॅट चालवावी आणि चार वेळा यश पदरात पडावं. शाळेत एवढ्या टक्क्यांना प्रगतिपुस्तक वडिलांपासून लपवावं लागतं. तिथे माणूस देव ठरतो! पण त्याच्या कारकिर्दीचा तक्ता उघडलात, तर १९४२ नंतर एकदम १९४६. मधली तीन वर्षं गायब. स्वारी मरीन दलात वैमानिक झाली होती.

एकदा दिलं, सुटलो म्हणावं, तर १९५२ साली कोरियाच्या युद्धासाठी पुन्हा बोलावणं! वय तेहेतीस. या वयात आमच्याकडे पोट सुटू लागतं. यानं जेट विमानातून ३९ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३मध्ये पेटलेलं विमान पोटावर घसरत उतरवलं आणि त्याच वर्षी परत येऊन ३७ सामन्यांत .४०७ची सरासरी काढली.

दुसरा बॉब फेलर. क्लीव्हलंडचा तोफखाना. १९३९ ते १९४१ या तीन वर्षांत ७६ सामने जिंकून दिलेले. वडील कर्करोगानं आजारी, तेव्हा लष्करातून सवलत सहज मिळाली असती. पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात हा नौदलात भरती! पुढे 'अलाबामा' युद्धनौकेवर खऱ्याच तोफांशी गाठ. कारकीर्द २६६ विजयांवर थांबली. ती चार वर्षं मिळती तर तीनशे कुठेच गेले नव्हते, असं तिकडचा कुणीही बोटं मोडून सांगेल.

इकडे मैदानं ओस पडू नयेत अशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचीच इच्छा. मग खेळायचं कुणी? १९४४ साली सिनसिनाटीनं जो नक्सहॉल नावाचं पंधरा वर्षांचं पोर चेंडू टाकायला उभं केलं. पोरानं दोन गडी बाद केले आणि पाच धावा देऊन टाकल्या! १९४५ साली सेंट लुईसकडून पीट ग्रे एका हातानं ७७ सामने खेळला. दुसरा हात लहानपणीच गेलेला.

असा हिशेब मांडता मांडता त्याच तक्त्यांत हॅरी ओनील भेटतो. फिलाडेल्फियाचा कॅचर. १९३९ साली एकच सामना खेळला, तोही अखेरची थोडी षटकं राखायला म्हणावं तसा. बॅट हातात धरायची पाळी आलीच नाही. मार्च १९४५मध्ये इवो जिमाच्या लढाईत तो मारला गेला.

विल्यम्सच्या नावापुढे आणखी किती होमरन लागले असते, यावर तिकडे रात्र रात्र वाद घालता येतो. ओनीलचं काय करणार? सामना एक, फलंदाजी शून्य. यापुढे जर-तर मांडायला आकडाच नाही. त्याच्या नावाशी आलं, की आमच्या सौ.लासुद्धा ती म्हण आठवत नाही.