टोकियोच्या फटींमधून

टोकियोच्या यानाका वस्तीतल्या त्या इमारतीला न्हाणीघराचं उंच धुराडं आहे, कौलारू छप्पर आहे, दाराशी चपला ठेवायचे लाकडी कप्पेही आहेत. आत मात्र पाण्याचा थेंब नाही. 'काशिवायु' नावाच्या या सार्वजनिक स्नानगृहाला दोनशे वर्षांचा वारसा. ते बंद पडलं आणि 1993 मध्ये तिथे 'स्काय द बाथहाउस' हे कलादालन सुरू झालं. न्हाणीघर म्हणून उंच बांधलेल्या छताखाली आता नव्या चित्रकारांची कामं लागतात. मी बराच वेळ वर बघत उभी होते. छत पाडून दुसरं बांधलं असतं, तरी चित्रांसाठी याहून चांगली खोली मिळाली नसती.

1923 च्या भूकंपानंतरच्या आगीतून आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून यानाकाचा बराच भाग वाचला. म्हणूनच लाकडी घरं, देवळं आणि अरुंद गल्ल्या इथे अजून आहेत. मुक्कामासाठी मी हीच वस्ती निवडली, आणि तीसुद्धा 'हागिसो'साठी. 1955 साली बांधलेली ही दुमजली लाकडी इमारत. भाड्याच्या खोल्या, पुढे कलाशाखेचे विद्यार्थी राहायचे. 2011 च्या मोठ्या भूकंपानंतर ती पाडायचं ठरलं. तिथे राहणाऱ्यांनी निरोपादाखल सगळ्या इमारतीचंच प्रदर्शन मांडलं. ते बघायला इतकी माणसं आली की मालकांचं मन बदललं. 2013 पासून तिथे खाली कॅफे आणि छोटं कलादालन आहे. दोन मजल्यांमधली जमीन काही ठिकाणी काढून टाकल्यामुळे जुने खांब-तुळया पूर्ण उंचीने दिसतात.

वरच्या मजल्यावर 'हानारे' या हॉटेलचा स्वागतकक्ष आहे. हॉटेल म्हणावं अशी इमारत मात्र कुठेच नाही. किल्ली इथे मिळते, खोली काही मिनिटांवरच्या दुसऱ्या जुन्या घरात, नाश्ता हागिसोच्या कॅफेत, आणि आंघोळीला वस्तीतल्या चालू स्नानगृहाचं तिकीट. मोठं न्हाणीघर बांधायचा खर्च हॉटेलला करावा लागत नाही, आणि घरोघरी बाथरूम झाल्यामुळे गिऱ्हाईक गमावत चाललेल्या स्नानगृहाला चार माणसं मिळतात. संध्याकाळी मी टॉवेल घेऊन गेले. आधी बुटक्या स्टुलावर बसून स्वच्छ अंग धुवायचं, मगच कढत पाण्याच्या हौदात उतरायचं. शेजारच्या आजींनी खुणेनेच मला नळ दाखवला, स्टूल सरकवून दिलं. शहरात राहायला आल्यासारखं वाटायला तेवढं पुरेसं होतं.

माझी भाची टोकियोतच, निशी-कासाईत राहते. 2000 च्या सुमारापासून भारतीय संगणक अभियंत्यांची जी वस्ती तिथे वाढली, तिच्यातली ती. दुसऱ्या दिवशी ती आली ती तक्रार घेऊनच. "मावशी, टोकियोत येऊन तू मंदिरं नाही, टॉवर नाही, नुसत्या फटी बघणार?"

फटीच बघायच्या होत्या. त्याला कारण एक पुस्तक. मोमोयो काइजिमा, जुन्झो कुरोदा आणि योशिहारू त्सुकामोतो यांनी 2001 मध्ये 'मेड इन टोकियो' काढलं. वास्तुकलेच्या कुठल्याही मासिकाने छापल्या नसत्या अशा 70 जागा त्यांनी शोधल्या, मोजल्या, आणि मोठ्या वास्तूंच्या इतमामाने रेखाटल्या: सुपरमार्केटच्या गच्चीवर मोटार शिकवणारी शाळा, चढाला लटकलेल्या बेसबॉलच्या सराव-जाळीखाली घुसवलेलं स्पॅगेटीचं दुकान. कुणी तज्ज्ञाने आखलेलं नाही. जागा महाग, गरज निकडीची, म्हणून एकावर एक चढलेलं. काइजिमा आणि त्सुकामोतो यांची 'आतेलिए बाउ-वाउ' ही संस्था 1992 ची. रस्ते रुंद करताना किंवा रूळ तिरके गेल्याने उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यांवरच्या इवल्या इमारतींचंही त्यांनी वेगळं पुस्तक केलं. पाळीव प्राण्यांवर करावं तसं प्रेम त्यांनी त्या इमारतींवर केलं, नावही तसंच दिलं: पेट आर्किटेक्चर.

अशा तुकड्यांची सवय झाली की चालणं सावकाश होतं. रूळ आणि रस्ता यांच्या मधल्या त्रिकोणात फुलवाला, त्याच्या टोकाला माणूस अंग चोरून उभा राहील एवढंच किल्ल्यांचं दुकान. दोन घरांमध्ये हातभर बोळ, कारण जपानच्या दिवाणी कायद्यानुसार बांधकाम हद्दीपासून 50 सेंटिमीटर आत ठेवावं लागतं. त्या बोळांत एसीची यंत्रं, सायकली, कुंड्या. वारसाकर भागवायला मालक गेल्यावर जमिनीचा तुकडा विकावा लागतो, त्यामुळे प्लॉट पिढीगणिक लहान होतात, आणि मागच्या प्लॉटला जायला उरतो तो निव्वळ एक बोळ. बाउ-वाउने 2005 मध्ये स्वतःचं घर आणि कार्यालय अशाच मागच्या प्लॉटवर बांधलं: खाली काम, वर राहणं, मधे जिन्याभोवती अर्ध्या-अर्ध्या उंचीवर चढत गेलेले मजले. शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंतची फटसुद्धा घराचाच भाग असल्यासारख्या खिडक्या ठेवल्या आहेत. ज्यांना इतरांनी टाकाऊ म्हटलं त्या इमारतींकडून हे शिक्षण मिळालं, आणि ते त्यांनी उघड मान्य केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

भाचीला एव्हाना धारावी आठवली होती. तिचं आठवणं वावगं नव्हतं. धारावीत काम करणारे मातियास एशानोव आणि राहुल श्रीवास्तव ही तुलना वर्षानुवर्षं मांडत आले आहेत: युद्धानंतरच्या टोकियोत लोकांनी आपापली घरं उभारली, तळाला कारखाना आणि वर संसार थाटला, आणि पाणी-गटार नंतर येत गेलं. सगळं पाडून पुन्हा आखण्यापेक्षा आहे ते सुधारत नेलं. धारावीच्या पुनर्विकासाचे आराखडे बघताना हा इतिहास समोर हवा, असं मला मनापासून वाटतं.

मग रुळांखालच्या फटी. कांदा नदीच्या काठावर मान्सेइबाशी स्थानकाच्या लाल विटांच्या कमानी आहेत. 1912 चं हे स्थानक 1943 मध्ये बंद झालं. 2013 पासून कमानींमध्ये दुकानं आणि खाणावळी. जुन्या पायऱ्या चढून वर गेलं की फलाटाच्या जागी काचेची खोली, आणि दोन्ही बाजूंनी चुओ मार्गाच्या गाड्या इतक्या जवळून जातात की मुलं ओरडतात. तिथून जवळच रुळांखाली '2के540' हा कारागिरांचा बाजार. टोकियो स्थानकापासूनचं अंतर, दोन किलोमीटर 540 मीटर, हेच त्याचं नाव. चामड्याचं काम, टोप्या, लाकूड. सगळं सुरेख, पण मला ते जरा जास्तच नीटनेटकं वाटलं. जुन्या पुलांखालच्या धंद्यांतली धुराची, तेलाची खूण इथे आधीच पुसून टाकलेली आहे.

गिन्झा शेवटी ठेवलं होतं. 'टोकियो एक्स्प्रेसवे' हा सुमारे 2 किलोमीटरचा उन्नत रस्ता खंदक आणि कालवे बुजवून बांधला. 1959 मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला, 1966 मध्ये तो पुरा झाला. खाजगी कंपनीचा रस्ता, तरी टोल नाही, कारण खाली सलग दुकानं आणि त्यांच्या भाड्यावर रस्ता चालायचा. 'मेड इन टोकियो'तला हा माझा सर्वांत आवडता नमुना. एप्रिल 2025 मध्ये वाहनांना तो बंद झाला. आता वर पायवाट आणि बाग होणार आहे.

"बरंच झालं की," भाची म्हणाली. "गाड्यांपेक्षा बाग चांगली."

चांगलीच. मला भीती वाटते ती खालच्यांची. बाग आली की जमिनीला भाव येतो, आणि सर्वांत आधी जातात ते चाळीस-चाळीस वर्षं एकाच गाळ्यात बसलेले उपाहारगृहवाले. साठहून अधिक वर्षं हा रस्ता त्यांच्या भाड्यावर उभा राहिला. बागेचा खर्च कोण देणार आणि गाळ्यांचं भाडं किती राहणार, हे दोन आकडे वरची झाडं ठरवण्याआधी ठरायला हवेत. मी भाचीला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग खालीच जेवू."