खिंडीच्या कुठल्या बाजूला बसून सिनेमा बघताय?

जुलैत भाचा पन्हाळगड ते पावनखिंड मोहीम करून आला. पायाला फोड, बुटात चिखल आणि तोंडात दोन दिवस फक्त बाजीप्रभू. तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉपवर '३००' बघितला आणि रात्री मला फोन केला.

"मामा, ही तर आपलीच पावनखिंड की! अरुंद वाट, तीनशे माणसं, समोर अख्खी फौज. तू कधी बोलला नाहीस या पिक्चरबद्दल?"

मी म्हटलं, "भारी आहे पिक्चर." खोटं नाही बोललो. पण फोन ठेवल्यावर एक जुनी गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

२००७ साल. मी पुण्यात शिकत होतो. त्या काळी पुण्यात इराणहून आलेली मुलं-मुली भरपूर असायची. आमच्या वर्गात एक होता, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. नवरोजला त्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. टेबलावर सफरचंद, लसूण, व्हिनेगर आणि एका ताटलीत गव्हाचे हिरवेगार अंकुर. आपल्याकडे नवरात्रात घटाला उगवतात तस्सेच. मी ते बघून खुळ्यासारखा खूश झालो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही पाचजण '३००' बघायला गेलो. त्याला आम्हीच ओढून नेलं. इराण आणि ग्रीसच्या लढाईचा पिक्चर आहे, तुझ्याच घरचा इतिहास आहे, चल म्हणून.

ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, थेटरात काय माहोल असतो. पर्शियाच्या दूताला लाथ घालून विहिरीत ढकलतात तिथे शिट्ट्या. भाल्याचा वार आधी अगदी सावकाश, मग एकदम झपकन, त्याला टाळ्या. मीही वाजवल्या. मग पर्शियाचा राजा झर्क्सिस येतो. अवाढव्य, टक्कल, अंगभर साखळ्या, चेहराभर टोचलेल्या बाळ्या. मागून कोणीतरी त्याच्या दिसण्यावरून एक घाण शब्द ओरडला. सगळं थेटर हसलं. मीही हसलो.

इंटरव्हलला तो म्हणाला, खाली थांबतो. परत आलाच नाही.

सुटल्यावर बघतो तर समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. मी म्हटलं, अरे फँटसी आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस? तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "फँटसी है तो राजा का नाम असली क्यों है?" आणि थोडं थांबून, "हम उसको खशायार बोलते हैं. मेरे मामा का भी यही नाम है."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले. भांडण वगैरे झालं नाही, पण तो आमच्याबरोबर पिक्चरला पुन्हा कधी आला नाही.

आता सिनेमाबद्दल. झॅक स्नायडरचा हा चित्रपट फ्रँक मिलरच्या १९९८ च्या कॉमिकवरून घेतलेला आहे. जवळजवळ सगळा मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे शूट केला आणि आकाश, समुद्र, डोंगर नंतर कॉम्प्युटरवर भरले. काळा रंग आणखी काळा, बाकी सगळं तांबूस-सोनेरी, रक्त शाईसारखं हवेत तरंगणारं. खर्च साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास आणि जगभरात कमाई ४५ कोटी डॉलरच्या वर. लोक तेव्हाही दोन तट पाडून भांडत होते, आजही भांडतात.

एक तट म्हणतो, हा इतिहास नाही, हलतं चित्र आहे. यात तथ्य आहे. गोष्ट सांगणारा डिलिओस हा सिनेमातलाच एक स्पार्टन सैनिक आहे. पुढच्या लढाईच्या आधी आपल्या लोकांना चेव यावा म्हणून तो ती सांगतोय. असा माणूस शत्रूला राक्षसच करणार, गेंड्याला डोंगराएवढा करणार. पोवाड्यात काय होतं? तेच.

दुसरा तट म्हणतो, वेळ बघा. मार्च २००७. शेजारच्या इराकमध्ये युद्धाला चार वर्षं झालेली. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाने इराणवर अणुकार्यक्रमावरून आणखी निर्बंध लादले. आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या थेटरांत इराणचे पूर्वज दात घासून टोकदार केलेले, मुखवट्यामागे विद्रूप असे दिसतात. इराणच्या सरकारने निषेध केला, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांचं त्या सरकारशी अजिबात पटत नव्हतं, देश सोडून गेलेले होते, अशा इराण्यांनीही ऑनलाइन सह्यांच्या मोहिमा चालवल्या. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गंमत म्हणजे तट सरळ डावे-उजवे असे पडले नाहीत. स्लावोय झिझेकसारख्या डाव्या विचारवंताने सिनेमाची बाजू घेतली. त्याचं म्हणणं, एका छोट्या गरीब देशावर अवाढव्य महासत्ता चालून येते, तर मग आजच्या काळातला झर्क्सिस कोण? एकाच सिनेमात कुणाला बुश लिओनायडस दिसला, कुणाला झर्क्सिस.

मग खरं काय होतं? इ.स.पू. ४८० ला थर्मोपिलीच्या खिंडीत लिओनायडस आणि त्याचे तीनशे लढले आणि मेले, हे खरं. पण शेवटच्या दिवशी त्यांच्या जोडीला थेस्पिया गावचे सातशे जण स्वखुशीने थांबले आणि तेही मेले. त्यांची आठवण कुणी काढत नाही. सिनेमातला स्पार्टा सारखा स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो, पण खऱ्या स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे गुलाम करायचे, आणि ते संख्येने स्पार्टन नागरिकांच्या कितीतरी पट होते. पर्शियन काही संत नव्हते, झर्क्सिसने अथेन्स जाळलं. पण पर्सेपोलिसच्या दगडी शिल्पांत पर्शियाचे राजे लांब दाढीचे, पायघोळ अंगरख्यातले दिसतात. तिथेच सापडलेल्या हजारो मातीच्या पाट्यांवर कामगारांना, त्यात बायकांनाही, दिलेल्या धान्याचा हिशोब आहे.

फितूर एफियाल्टीसचंही तेच. त्याने पैशाच्या आशेने वाट दाखवली, एवढं जुन्या इतिहासात आहे. त्याला कुबड दिलं ते कॉमिकने आणि सिनेमाने. शरीर वाकडं म्हणून मन वाकडं, हा हिशोब आपल्या किती गोष्टींत आहे ते तुम्हीच आठवून बघा.

आणि ज्या गोष्टीने मला खरं गप्प केलं ती ही. एस्किलस हा ग्रीक नाटककार मॅरेथॉनच्या लढाईत स्वतः पर्शियन लोकांशी लढला होता. अथेन्स जळल्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ.स.पू. ४७२ ला, त्याने 'पर्शियन्स' हे नाटक अथेन्समध्येच रंगभूमीवर आणलं. नाटक घडतं पर्शियाच्या राजवाड्यात. हरलेल्या मुलाची वाट बघणारी आई आहे, फाटक्या कपड्यांत परत आलेला झर्क्सिस आहे, मेलेल्या पोरांसाठी शोक आहे. ज्यांची घरं खरोखर जळली होती, त्या प्रेक्षकांनी ते बसून बघितलं आणि त्याला स्पर्धेत पहिलं बक्षीस दिलं. म्हणजे शत्रूला माणूस दाखवलं की वीरश्री कमी होते, असं काही नाही.

आता म्हणाल, ग्रीस-इराणच्या भांडणाचं आपल्याला काय? तर बंगालमध्ये विचारा. १७४१ नंतरची दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. तिथे आजही बाळाला झोपवायच्या अंगाईत 'बर्गी' आले म्हणून भीती घालतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. बुलढाण्यात नाहीतर साताऱ्यात ज्याच्या नावाने छाती फुगते, तो घोडेस्वार तिकडे बागुलबुवा आहे. उद्या कुणी कलकत्त्यात अफाट पैसा ओतून सिनेमा काढला, त्यात मराठा सरदाराला टोकदार दात लावले, नाव मात्र खरं ठेवलं आणि वर म्हणाले 'फँटसी आहे हो', तर आपल्याकडे काय होईल? थेटरची एक काच शिल्लक राहील का?

बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. बंदीने काही होत नाही आणि '३००' दिसायला अजूनही तेवढाच जबरदस्त आहे. ज्याला आवडला तो मूर्ख नाही. ज्याला लागला तो हळवा नाही. दोघं एकच पिक्चर बघत होते, फक्त खिंडीच्या दोन बाजूंना बसून. आपण नेहमी तीनशेच्या बाजूला बसतो, कारण गोष्ट सांगणारा आपल्याला तिथेच बसवतो.

काल भाच्याला परत फोन केला, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पिक्चर वाईट आहे का?"

"नाही रे. शिट्टी मार. पण पर्सेपोलिसचे फोटो पण बघ एकदा."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, तुझ्या त्या मित्राचं काय झालं?"

माहीत नाही. शिक्षण संपवून तो परत गेला, नंबर बदलले, संपर्क तुटला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला सुचायला इतकी वर्षं लागली. राजाचं नाव खरं ठेवलं, कारण खोट्या नावाच्या राजासाठी एवढ्या शिट्ट्या वाजत नाहीत. त्या दिवशी मी चहाचे पैसे दिले, त्याऐवजी सॉरी म्हणायला हवं होतं.