एकवीस आणि वीस एक

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला आकडेमोडीशी काय कर्तव्य, असे कोणीही विचारील. पण आपल्या भाषेत अंक आणि त्यांची नावे यांचे फारसे पटत नाही, हे कोणाच्याही ध्यानात यावे. 26 लिहिताना आधी दोन येतात आणि मग सहा. म्हणताना मात्र ‘सव्वीस’मधला सहा पुढे घुसतो. 79 मध्ये आठाचा मागमूस नाही, तरी त्याचे नाव एकोणऐंशी! हा संसार आपण पिढ्यान् पिढ्या निमूटपणे चालवला.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले आणि केवढा गहजब उडाला! जोडाक्षरांची नावे मुलांना जड जातात, असे समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या; पण मोठी माणसे ऐकतात थोडीच!

माझी मुलगी तेव्हा दुसरीतच होती. एके संध्याकाळी रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, बाई म्हणतात वीस एक, आजी म्हणते एकवीस. खरं कोणाचं?” प्रश्न गणिताचा नव्हताच. तिच्या दोन लाडक्या माणसांपैकी एकजण खोटे ठरणार होते.

उत्तर माझ्या आईने दिले. “अगं, मी चौथीत असताना तर पैसेच बदलले!” 1 एप्रिल 1957 पूर्वी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे 64 पैसे, त्या दिवसापासून 100 नवे पैसे. एका आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे चोवीस नव्हेत, पंचवीस! शिवाय काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात जोडीने चालत.

“मग तू रडलीस?”

“रडायला वेळ कुठे होता? दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणायचे होते ना!”

मग मी आगपेटी आणली. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या बांधल्या, एक काडी सुटी ठेवली. दोन्ही नावांनी मोजून झाले, तरी काड्या तेवढ्याच! कळी खुलली. “आणखी कसं म्हणता येईल?” असे मी विचारताच ती ओरडली, “सात त्रिक!” त्या दिवसापासून हा आमच्या घरचा खेळच झाला.

पण सारेच बदल काड्यांनी मोजता येत नाहीत. मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडली. बाकावरच्या मैत्रिणीसाठी ती दोन दिवस रडली. आम्ही तिला रडू दिले. तिसऱ्या दिवशी तिनेच कागदावर दोन रकाने आखले: ‘काय गेलं’ आणि ‘काय आहे’. दुसऱ्यात बाई, पुस्तके, मैत्रिणीचा फोन असे बरेच काही जमले. पहिल्यात एकच ओळ उरली: ‘डबा वाटून खाणं’. ती खोडण्याचा आग्रह आम्ही धरला नाही.

मला वाटते, मुलांना बदल पचवायला शिकवायचे ते एवढेच. काय गेले आणि काय राहिले, हे त्यांचे त्यांना मोजू द्यावे. आणे जाऊन इतकी वर्षे झाली, तरी ‘सोळा आणे खरे’ आपण अजून म्हणतोच की!

तेव्हा या सुट्टीत घरच्या चिमुरड्याने “खरं कोणाचं?” असे विचारलेच, तर निकाल देण्याची घाई करू नका. फटाके उडवून काही काड्या उरल्या असतील, तर त्या पुढे ठेवा.