इमारत आमची, जमीन बिल्डरची

"जमीन कुणाच्या नावावर आहे?" पुनर्विकासाच्या पहिल्याच सभेत आर्किटेक्टने विचारलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण सेक्रेटरी मी. दुसऱ्या दिवशी प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर मूळ जमीनमालकाचं नाव होतं, आमच्या सोसायटीचा मागमूसही नव्हता.

डोंबिवलीतली आमची इमारत नव्वदच्या दशकातली. करारनामे नोंदवलेले, मालमत्ता कर वेळेवर भरलेला, शेअर सर्टिफिकेटं घरोघरी कपाटात जपलेली. तरी पायाखालची जमीन कागदोपत्री परक्याचीच. खरं तर 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यानुसार, करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीसह इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने ते केलं नाही आणि पुढे तो वारला.

अध्यक्षकाका आणि मी त्याच्या मुलाकडे गेलो. चहा पाजून तो म्हणाला, "काका, सही करायला माझी ना नाही. पण शिल्लक एफएसआय आमचा आहे. त्याचं काहीतरी बघावं लागेल." काहीतरी म्हणजे किती, हे त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तो आकडा आमच्या सिंकिंग फंडाच्या कितीतरी पुढे होता. जिना उतरताना काका एवढंच म्हणाले, "आता डीम्ड."

डीम्ड, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. 2008 मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येऊ लागली. अर्ज नमुना 7 मध्ये, कोर्ट फी 2000 रुपये. एवढं ऐकून आमचे सभासद निर्धास्त झाले. खरी कसरत कागदांची होती. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस हाती लागायला वेळ लागला नाही. सभासदांच्या इंडेक्स टूंनी, म्हणजे करारनोंदणीच्या उताऱ्यांनी, मात्र दमवलं. जे फ्लॅट दोन-तीनदा विकले गेले होते, त्यांचे मूळ करार शोधताना आमच्या खजिनदार वहिनींनी अर्ध्या डोंबिवलीत फोन फिरवले. एका सभासदाची फाइल पुण्यात जावयाकडे सापडली.

सुनावणीला बिल्डरच्या मुलाचा वकील हजर होता. जमिनीच्या हक्काबाबत वाद आहे, म्हणून अर्ज फेटाळा, असं त्याचं म्हणणं. आमच्या वकीलबाईंनी एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे ठेवला. त्या निकालानुसार, मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जावर जमिनीच्या मालकीचा अंतिम फैसला होत नाही. ज्याला मालकी सांगायची असेल त्याला दिवाणी दावा मोकळा आहे. म्हणजे नुसता वाद उकरून काढला म्हणून अर्ज अडत नाही. पण आदेश मिळाला की पुढे कुणी कोर्टात जाणारच नाही, असंही समजू नये. ही दुसरी बाजू वकीलबाईंनी आम्हाला आधीच बजावून सांगितली होती.

आदेश आमच्या बाजूने लागला, तेव्हा कुणीतरी पेढे आणले. वकीलबाईंनी पेढा घेतला आणि पुढच्या कामांची यादी हातात दिली. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यायचा. फ्लॅट घेताना सभासदांनी भरलेलं मुद्रांक शुल्क तिथे हिशेबात धरलं जातं, म्हणून जुन्या पावत्या सांभाळायच्या. मग दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवायचा. आणि नोंदणीवर न थांबता सिटी सर्व्हेत फेरफाराचा अर्ज करायचा. आमच्याच गल्लीतल्या एका सोसायटीने दस्त नोंदवून कपाटात ठेवला आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव लावायचं राहूनच गेलं.

आमच्या कार्डावर आता सोसायटीचं नाव आहे. पुनर्विकासाची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत आणि शिल्लक एफएसआयचा विषय काढायला बिल्डरचा मुलगा फिरकलेला नाही.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी हा एक विषय घ्या. सभेला जाताना ताजं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढून न्या आणि त्यावरचं नाव सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते सोसायटीचं नसेल, तर जुने सभासद आणि त्यांचे कागद हाताशी आहेत तोवर अर्ज करा.